डोळा कोण बांधते?

काटोल तालुक्यातल्या एका गावात संत्र्याचा एक बागायतदार राहत होता. सात एकरांची बाग, बहुतेक झाडं आंबिया बहाराची. गावात त्याची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक, त्याच्या बागेत झाडांची मर कमी. दुसरी, तो प्रश्न फार विचारायचा. खतवाला असो, ठिबकवाला असो की बाग सौद्यात मागायला आलेला व्यापारी असो, म्हातारा आधी चहा पाजायचा आणि मग असा उलटतपास घ्यायचा की निम्मे लोक अर्धा कप टाकून गाडीला किक मारायचे.

त्याचा एकुलता एक मुलगा नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होता. वय अठ्ठावीस. पगार बरा, फ्लॅट बुक झालेला, लग्नाची तारीख माघातली धरलेली. सगळं जागच्या जागी होतं, केस सोडून. कपाळाची दोन्ही टोकं वर सरकत चालली होती आणि टाळूवर विरळ पडलं होतं. साखरपुड्याच्या अल्बममध्ये एक फोटो होता. अंगठी घालायला तो वाकलाय आणि फोटोग्राफरने वरून टिपलंय. घरचे सगळे त्या फोटोत नवरीची पैठणी बघत होते. त्याला स्वतःच्या टाळूखेरीज काहीच दिसेना.

मग त्याने तेच केलं जे सगळे करतात. मोबाईलवर एक जाहिरात दाबली. "अनलिमिटेड ग्राफ्ट, एका दिवसात काम, दुखणं नाही, दिवाळी ऑफर, हप्त्याची सोय." त्या दिवसापासून त्याला रोज फोन येऊ लागले. शेवटी शनिवारी जाऊन ॲडव्हान्स भरायचं ठरलं. नेमका त्याच शनिवारी बाप संत्र्याची गाडी घेऊन कळमन्याच्या मार्केटात आला. लिलाव आटोपून मुलाच्या खोलीवर पोचला, तर चिरंजीव इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले.

"कुठं चालला?"

मुलाने आढेवेढे घेत सांगितलं. मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात. कायमचे राहतात. लग्नाआधी उरकून टाकायचं.

बापाने शांतपणे ऐकलं. त्याच्या स्वतःच्या टोपीखाली कानाभोवतीची झालर सोडली तर केस नव्हते, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नव्हतं. पण त्याने पोराला हसलं नाही की दटावलं नाही. म्हणाला, "म्हणजे इथला डोळा काढून तिथं बांधतेत. यातलं तं मले थोडंबहुत समजते. मी येतो संगं."

क्लिनिक एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होतं. काचेचं दार, थंडगार हवा, कॉफीचं यंत्र. टेबलापलीकडे टाय लावलेला तरुण होता. त्याला तिथे काउन्सेलर म्हणत. त्याने मुलाच्या डोक्याकडे अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, "सर, ग्रेड थ्री. साडेचार हजार ग्राफ्ट बसवू. लग्नापर्यंत एकदम फुल्ल."

बापाने टोपी सरळ केली. "भाऊ, एक सांगा. डोळा कोण बांधते?"

"काय?"

मुलगा ओशाळला. "बाबांना विचारायचंय, सर्जरी कोण करतं."

"आमची एक्स्पर्ट टीम आहे ना, काका."

"टीममंधी डॉक्टर कोण?"

"डॉक्टर येतात. कपाळाची लाईन आखतात, इंजेक्शन देतात. पुढचं सगळं टेक्निशियन बघतात."

"अन् तवा डॉक्टर कुठं राहते?"

"इथंच. म्हणजे, कॉलवर."

"नाव काय त्यांचं?"

तरुणाने नाव सांगितलं. मुलाने ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मग बाप म्हणाला, "आता मले चार-पाच वर्षं झालेलं एखादं डोकं दाखवा. पुढून नाही, मागून."

टॅबवर फोटो सरकू लागले. सगळे समोरून काढलेले. 'आधी'च्या फोटोत केस ओले आणि वरून झगझगीत उजेड, 'नंतर'च्या फोटोत केस कोरडे, फुगवून पुढे ओढलेले आणि उजेड बेताचा. सगळे सहा-आठ महिन्यांचे. ज्या जागेतून केस काढले त्या मागच्या डोक्याचा फोटो एकही नाही.

"काका, ऑफर आज संध्याकाळी सहापर्यंतच आहे," तरुण म्हणाला.

"मग सहा वाजू द्या," म्हणत बाप उठला.

खाली टपरीवर मुलगा चिडला. "बाबा, तुम्ही काय विचारून राहिले? तिथं लोक हसत होते."

बापाने चहाचा घोट घेतला आणि जुनी गोष्ट काढली. मुलगा शाळेत जायच्याही आधी गावात कलमांची एक गाडी आली होती. कलमं हिरवीगार, टवटवीत, बाजारभावापेक्षा स्वस्त. बापाने दोन एकरांसाठी दोनशे घेतली. पाच वर्षं पाणी दिलं, खत दिलं, राखण केली. पाचव्या वर्षी फळ धरायच्या वेळेस कळलं की डोळे मातीलगत बांधले होते. पावसाळ्यात माती लागून बुंध्याला डिंक्या लागला, झाडं एकेक करून बसली. जी जगली त्यातल्या कितीकांचं फळ संत्र्यासारखं नव्हतंच. गाडीवाल्याचा पत्ता नव्हता. नंतर तो अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत गेला, तेव्हा तिथल्या माणसाने त्याला काय विचारायचं ते शिकवलं. खुंट कोणता, जंबेरीचा की आणखी कशाचा? डोळकाडी कोणत्या मातृवृक्षाची? डोळा जमिनीपासून किती उंच बांधला? आणि बांधणारा कोण?

"दारात येते तेव्हा चांगलं कलम अन् खराब कलम सारखंच दिसते," बाप म्हणाला. "फळ येईस्तोवर फसगत दिसत नाही, अन् फळ येते तवा वेळ निघून गेलेली असते. म्हणून फळावर नाही जायचं. बांधणारा पाहायचा."

मुलाला हे पटलं नाही, पण ॲडव्हान्सही त्याने भरला नाही. त्याचा शाळेतला एक मित्र मेडिकलला भूलशास्त्राची रेसिडेन्सी करत होता. 1947 साली सुरू झालेल्या या शासकीय महाविद्यालयाला सगळं नागपूर नुसतं 'मेडिकल' म्हणतं. ड्युटी संपवून मित्र मेडिकल चौकात बापलेकांना भेटायला आला. डोळ्यांवर झोप होती, पण विषय ऐकल्यावर ती उडाली.

"अबे, आधी ते नाव दाखव." त्याने महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव टाकलं. नोंद निघाली नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, तरी नाही. "आता कळलं, डॉक्टर कॉलवर काहून असते ते?"

मुलगा म्हणाला, "पण केसच तर आहेत. पोट थोडीच फाडायचं आहे?"

यावर मित्राने त्याला तीन घटना सांगितल्या, आणि तिन्ही वर्तमानपत्रांत आलेल्या. 2016 साली चेन्नईत वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा केसांच्या रोपणानंतर दगावला. जिथे रोपण झालं त्या जागेला परवाना होता सलूनचा, आणि भूल देणारा डॉक्टर काम संपायच्या आधीच निघून गेला होता, असं चौकशीत पुढे आलं. मार्च 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांच्या एका व्यावसायिकावर एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावले गेले. चेहरा आणि घसा सुजला, श्वास लागला आणि दोन दिवसांत माणूस गेला. तीव्र ॲलर्जीचा संशय व्यक्त झाला. 2025 मध्ये कानपूरचं प्रकरण उघडकीला आलं. दोन तरुण इंजिनियर गेले होते आणि आरोप होता दातांची पदवी असलेल्या डॉक्टरवर.

"तुझ्या डोक्यात जे इंजेक्शन देतील ते लिग्नोकेन. ॲड्रेनॅलिन मिसळून दिलं तर वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅम ही मर्यादा. तुझं वजन सत्तर, म्हणजे 490. मागच्या बाजूला द्यायचं, पुढे द्यायचं, आठ तास चाललं तर पुन्हा द्यायचं. याचा हिशोब कागदावर ठेवावा लागतो. जास्त झालं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. तेव्हा समोर टेक्निशियन असेल तर तो काय करणार? मालकाला फोन करणार."

"मग करू शकतं कोण?"

"सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याच्या सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेला डॉक्टर पाहिजे. म्हणजे प्लास्टिक सर्जन, नाहीतर असं प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून शिकलेलं चालणार नाही, असं त्यात चक्क लिहिलंय. मदतीला माणसं ठेवता येतात, पण जबाबदारी सर्जनची."

बाप इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "दोन दिवसांत शिकून लोकाच्या डोक्याले हात लावतेत?"

मित्र हसला. "काका, यावरून पुण्याची एक गोष्ट सांगतो, आम्हाला प्लास्टिक सर्जरीच्या पोस्टिंगला सांगितलेली. टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान होता. तो पकडला गेला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुण्याकडच्या एका वीटभट्टीवाल्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ती हकिगत चित्रासकट छापून आली. तिकडच्या जोसेफ कार्पू नावाच्या सर्जनने त्यावरून असं पहिलं ऑपरेशन केलं ते 1814 मध्ये. मधली वीस वर्षं गेली. त्याआधी त्याने मृतदेहांवर हात बसवला होता. आणि त्या पुण्याच्या कारागिराकडे ना बोर्ड होता, ना ऑफर. नाक गेलेली माणसं त्याच्याकडे जायची, कारण त्याने केलेली नाकं लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होती."

मुलाने आता ठरवलं की पदवी बघूनच जायचं. पुढच्या आठवड्यात त्याने रामदासपेठेतल्या एका सर्जनची वेळ घेतली. नाव कौन्सिलच्या नोंदीत होतं, पदवी खणखणीत होती, ऑपरेशन थिएटर स्वच्छ होतं. आता बाबांना बोलायला काही उरलं नाही, असं त्याला वाटलं. तरी बाप गावाहून एसटीने आलाच.

हे डॉक्टर स्वतः बोलले आणि स्वतः करणार असंही म्हणाले. फक्त एवढंच की मुलगा जे मागेल त्याला ते हो म्हणत होते. कपाळ कॉलेजात होतं तितकं खाली पाहिजे? आणू. टोकं बुजवायची? बुजवू. घट्ट, दाट? करू. पेन्सिलीने त्यांनी अशी लाईन आखली की आरशात मुलाला आपला बारावीचा चेहरा दिसला. तो खूश झाला.

बापाने विचारलं, "डॉक्टरसाहेब, मागं एकूण माल किती आहे?"

"म्हणजे?"

"मागून काढणार ना? मग मागं आहे किती, अन् पुढं लागणार किती?"

"पुरेल, काका. काळजी करू नका."

"आज पुरंल. पण हे पोरगं चाळिशीले माह्यासारखं झालं तं?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "ते तेव्हा बघू."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आता काय वाईट होतं यांच्यात? पदवी आहे, स्वतः करतात."

"वाईट काहीच नाही," बाप म्हणाला. "हात चांगला असंल. पण तू जे मागशील ते देणारा आहे. मी रोपं घ्यायले गेलो अन् म्हटलं, एकरी तीनशे झाडं लावतो, तं चांगला नर्सरीवाला मले विकत नाही. विचारते, जमीन कशी आहे, पाणी किती आहे, विहीर उन्हाळ्यात आटते काय."

तिसरा दवाखाना धंतोलीत होता. जुन्या बंगल्याचा पहिला मजला, बाकड्यावर दहा-बारा पेशंट, त्यांत नायट्याची पोरं होती, कोडाची एक मुलगी होती, पांढऱ्या डागांवरचं मलम मागणारी म्हातारी होती. भिंतीवर ना सिनेमातला नट, ना दाट केसांचा मॉडेल. डॉक्टर बाई होत्या, त्वचारोगतज्ज्ञ. मुलाने नाव आधीच तपासलं होतं.

त्यांनी मुलाला खुर्चीवर बसवलं आणि बापाकडे वळून म्हणाल्या, "काका, टोपी काढता का जरा?"

बाप चकित झाला. डॉक्टरांनी त्याचं डोकं खिडकीच्या उजेडात वळवून पाहिलं, कानामागची झालर बोटांनी उचलून पाहिली. विचारलं, केस कोणत्या वयात जायला लागले, भावांचं कसं, सासऱ्यांचं म्हणजे मुलाच्या आजोबांचं कसं होतं. मग मुलाच्या डोक्यामागे त्यांनी पेनाएवढं भिंग लावलं आणि पडद्यावर ती जागा मोठी करून दाखवली. एकेका छिद्रातून एक, दोन, कुठे तीन केस एकत्र उगवलेले दिसत होते.

"हे जे गुच्छ आहेत, तोच एक ग्राफ्ट. तुझ्याकडे चौरस सेंटीमीटरला साधारण 70 आहेत, म्हणजे बरे आहेत. पण हे नवीन तयार होत नाहीत. इथून काढला की इथे कमी झाला. एका मर्यादेपुढे काढले तर मागचं डोकं पोखरल्यासारखं दिसतं, आणि ते झाकायला मग काही उरत नाही. काकांचं डोकं पाहिलंस ना? तुला त्यांच्या वाटेनं जायचं असेल, तर वीस वर्षांत हे पुढचं सगळं आणि टाळूही जाईल. आज सगळे ग्राफ्ट खाली ओढलेल्या कपाळावर खर्च केले, तर पुढे केसांची एक पट्टी आणि मागे मोकळं मैदान राहील."

"मग काढलेले केस तरी टिकतात काय?" बापाने विचारलं.

"टिकतात. मागच्या केसांचा स्वभाव वेगळा असतो. ज्या हार्मोनमुळे पुढचे गळतात त्याला ते फारसे दाद देत नाहीत, आणि जागा बदलली तरी स्वभाव तोच राहतो. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख नावाच्या डॉक्टरने 1959 साली हे मांडलं. सगळं शास्त्र त्यावर उभं आहे."

बापाचा चेहरा उजळला. "जंबेरीवर बांधला तरी डोळा संत्र्याचा तं फळ संत्र्याचंच."

"अगदी तसंच, काका."

आता बापाने आपला नेहमीचा प्रश्न काढला. डॉक्टर हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. केस काढायचं काम त्या स्वतः करतात, एक मिलिमीटरहून बारीक पंचाने. केसाची मुळी कातडीखाली वाकडी असते, पंचाचा कोन चुकला की मुळी कापली जाते आणि ग्राफ्ट फुकट जातो. ज्या छिद्रात तो बसवायचा ती छिद्रंही त्यांच्याच हातची, कारण केस कोणत्या दिशेने पडणार ते तिथे ठरतं. ग्राफ्ट साफ करणं, मोजणं आणि छिद्रात बसवणं यात दोन शिकवलेले सहायक असतात, त्यांच्या नजरेसमोर. काढलेले ग्राफ्ट थंड द्रवात ठेवतात, सुकले की मेले. दिवसाला एकच पेशंट.

"डोळकाडी ओल्या पोत्यात ठेवते तसं," बाप पुटपुटला. मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तुमच्या हातचं फसलेलं एखादं डोकं दाखवता?"

मुलाने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी मात्र कपाटातून एक फाईल काढली. पेशंटचा चेहरा झाकलेला होता. वर्षानंतरचा फोटो, केस उगवलेले, पण एका बाजूला विरळ. त्यांनी सांगितलं की पेशंटने गळती थांबवायची औषधं मध्येच सोडली आणि आजूबाजूचे मूळचे केस गेले. "तो औषधं सोडेल याचा अंदाज मला यायला हवा होता. आता मी आधी वर्षभर औषधं देऊन बघते, मगच हो म्हणते."

"म्हणजे आता नाही करणार?" मुलगा दचकून म्हणाला. "माझं लग्न माघात आहे."

"म्हणूनच तर नाही. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत आधी गळून जातात. मुळं आत राहतात, ती उगवायला लागतात तीन-चार महिन्यांनी, आणि पूर्ण चित्र दिसतं नऊ ते बारा महिन्यांनी. आत्ता केलं तर लग्नाच्या दिवशी तू आजच्यापेक्षा विरळ दिसशील. लग्नापर्यंत फुल्ल होतील असं कोणी सांगितलं असेल, तर त्याला एकतर हे माहीत नाही, किंवा तुला माहीत नाही हे त्याला माहीत आहे."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि शरीरातलं लोह. फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी रोज आणि डोक्याला मिनॉक्सिडिल, असं लिहून दिलं. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला थोडे जास्तच गळतील, घाबरून बंद करू नकोस. गोळीने काही थोड्या लोकांना लैंगिक इच्छा कमी झाल्यासारखी वाटते, तसं वाटलं तर लाजू नकोस, येऊन सांग. लग्नानंतर बायकोला दिवस राहिले तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावायचा नाही, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी मला विचारायचं. चारी बाजूंनी फोटो काढून त्यांनी तारीख घातली. "वर्षानं ये. तेव्हा हेच फोटो शेजारी ठेवू."

फी झाली तपासणीची, तेवढीच. हजारोंचा सौदा त्यांनी हातचा घालवला होता, आणि बाहेरच्या बाकड्यावरच्या नायट्याच्या पोराला आत बोलावलं होतं.

जिना उतरताना मुलगा हिरमुसला होता. बाप एका पायरीवर थांबला. "पोट्ट्या, तीन ठिकाणं पाहिली. पहिल्याले तुह्या खिशाची घाई होती. दुसऱ्याले तुह्या मर्जीची. इथं कोणाले घाईच नव्हती. आता तूच सांग, डोकं कोणाच्या हाती द्यायचं."

लग्न झालं. फोटोग्राफरने पुन्हा वरून फोटो काढले. गळती थांबली होती, इतकंच. दाट काही झालं नव्हतं. नवरीकडच्या कोणी त्याबद्दल काही बोललं असेल तर ते त्याच्या कानावर आलं नाही. दीड वर्षाने, औषधाला डोकं कसं साथ देतं ते पाहून, धंतोलीतच त्याचं काम झालं. 1,900 ग्राफ्ट, कपाळ वयाला शोभेल इतकंच खाली, मागचा साठा पुढच्यासाठी राखून. लिग्नोकेनची मात्रा वेळेसकट कागदावर लिहिलेली त्याने मुद्दाम पाहिली. वर्ष उलटल्यावर तो ज्या न्हाव्याकडे कटिंगला जायचा त्याने मागून मशीन फिरवताना काही विचारलं नाही, कारण मागे विचारण्यासारखं काही दिसत नव्हतं.

पण गावाकडे बातमी पसरायची ती पसरलीच. एका संध्याकाळी वरुडहून चुलतभावाचा फोन आला. त्याचंही कपाळ वर चाललं होतं.

"दादा, त्या डॉक्टरीणबाईचा नंबर पाठव ना. बास, डोळे झाकून जातो."

"डोळे झाकून जायचं असेल तर नंबर नाही देत," तो म्हणाला. "आधी लिहून घे. तिथं गेल्यावर विचार, काढणार कोण अन् लावणार कोण. नाव घे, कौन्सिलच्या वेबसाईटवर बघ. भूल किती देणार अन् त्रास झाला तर तिथं सोय काय, ते विचार. मागं किती आहेत अन् आज किती खर्च करणार, ते विचार. केसाचा फोटो मागून दाखवा म्हण, वर्ष झालेला. फसलेला एखादा दाखवा म्हण. अन् सगळ्यात शेवटी विचार, नाही केलं तर चालेल काय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. कधीच, कोणालाच नाही म्हणत नसेल, तर तो डॉक्टर नाही, दुकानदार आहे."

"अन् एवढं विचारल्यावर डॉक्टर चिडले तं?"

"तर फी देऊन उठ. प्रश्नाची ज्याला चीड येते, त्याच्या हातात डोकं देऊ नाही."